टेन्शन सोडून दे म्हणतात, पण सोडायचं म्हणजे नक्की करायचं काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पतसंस्थेत नोकरी करता, घर कोल्हापुरात शाहूपुरीच्या खालच्या अंगाला, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही पुरांत घरात पाणी आलेलं. मिस्टरांचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप, पार्टीकडनं बिलं वेळेवर सुटत नाहीत पण मशीनचा हप्ता मात्र तारखेला कटतोच. मुलगा बारावीला, सोबत नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, सासूबाईंची शुगर वरखाली. रात्री तीन-साडेतीनला जाग येते आणि मग एकातनं दुसरं, दुसऱ्यातनं तिसरं असं पार दूधवाला येईपर्यंत चालू राहतं. सगळे म्हणतात टेन्शन सोडून दे, पण सोडायचं म्हणजे करायचं काय हे कुणीच सांगत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

अगदी बरोबर लिहिलंय. राजारामपुरीत बसून मी बरीच वर्षं समुपदेशनाचं हेच काम करते आणि समोर बसणारी जवळजवळ प्रत्येक बाई, प्रत्येक माणूस हेच म्हणतो. म्हणून थोडं लांबलं तरी सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, विचार मनातनं हाकलायचा प्रयत्न आजपासून बंद करा. तो जमतच नाही. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक प्रयोग केलेला, कॉलेजच्या मुलांना बसवलं आणि सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर जेव्हा त्यांना अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली तेव्हा तर तो आणखीच जास्त आला. तुम्ही रात्री तीनला "नाही, आता हप्त्याचा विचार करायचा नाही" असं म्हणता ना, तिथे नेमकं हेच होतं. विचार आत आलाय का हे बघायला मनाला सारखा तोच विचार काढून बघावा लागतो. त्यामुळे तुम्हाला सोडता येत नाही यात तुमची काही कमजोरी नाही, रस्ताच चुकीचा सांगितलाय लोकांनी.

दुसरं म्हणजे काळजी इतकी चिकट का असते ते समजून घ्या. काळजी करताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं. नुसतं पडून राहिलं तर आपण बेफिकीर आहोत, घरच्यांवर आपलं प्रेम कमी आहे असं वाटायला लागतं, बायकांना तर हे फार वाटतं. आणि काळजी केली, मुलगा सुखरूप घरी आला, की मन आतल्या आत जोड लावतं की बघ काळजी केलीस म्हणून नीट झालं. असं हजार वेळा झालं की ती सवय पक्की बसते. २०२० मध्ये पेनसिल्व्हानियातल्या संशोधकांनी सतत काळजीचा आजार असलेल्या लोकांना रोज आपल्या काळज्या लिहून ठेवायला लावल्या आणि पुढे महिन्याभरात त्यातलं काय काय खरं झालं ते तपासलं, तर सुमारे ९१ टक्के गोष्टी घडल्याच नव्हत्या.

पण मी तुम्हाला "काही होत नाही हो" असं सांगणार नाही. तुमच्या घरात खरंच पाणी आलंय, दोनदा आलंय. ज्यांच्या घरात आलं नाही त्यांनी तुम्हाला शांत राहा म्हणणं सोपं आहे. तुमच्यासाठी प्रश्न वेगळा आहे, की जी गोष्ट खरोखर होऊ शकते तिची काळजी किती करायची, कधी करायची आणि कधी हातातनं खाली ठेवायची. तर याचं उत्तर आपल्याच गावाने आधीच करून ठेवलंय.

राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. जूनपासून आपण सगळे तेच बघतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, आणि त्या दोन्ही सालांना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हे दोन आकडे कुणीतरी आधीच, कोरड्या दिवसांत, डोकं शांत असताना ठरवून ठेवलेत, म्हणून पाऊस कोसळत असताना आपत्ती व्यवस्थापनाच्या लोकांना चर्चा करत बसावं लागत नाही, आकडा आला की त्या आकड्याचं काम सुरू होतं. आणि २२ फुटाला कुणी बोटी काढत नाही. मी माझ्याकडे येणाऱ्या लोकांना हेच करायला लावते, प्रत्येक काळजीची इशारा पातळी आणि धोका पातळी दिवसाउजेडी कागदावर लिहायची. आकड्याच्या खाली असेपर्यंत त्या विषयात तुम्हाला काही करायचंच नाही, आकडा आला की विचार नाही, काम.

तुमच्या घराचंच घेऊ. तुमच्या गल्लीत पाणी कितीला शिरतं हे तुम्हाला दोन पुरांवरनं माहीत आहे, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना तर इंचात माहीत असतं. कागदावर लिहा, ३९ च्या खाली: दिवसातनं दोनदा पातळी बघायची, सकाळी एकदा संध्याकाळी एकदा, तीही सरकारी आकडा, ग्रुपवरचे व्हिडिओ नाहीत, कारण जुन्या पुराचे व्हिडिओ दर पावसाळ्यात नवे म्हणून फिरतात आणि राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की लगेच "निघा निघा" सुरू होतं. ३९ ला: कागदपत्रांची पिशवी, सासूबाईंची महिन्याची औषधं आणि इन्सुलिन असेल तर ते, मुलाची पुस्तकं, वॉशिंग मशीन, मिक्सर सगळं वरच्या मजल्यावर, गाडी वरच्या भागात नेऊन लावायची. आणि तुमच्या गल्लीचा जो आकडा आहे त्याच्या दोन-तीन फूट आधी घर सोडायचं, कुणाकडे जायचं ते आत्ताच ठरवून त्यांना आत्ताच फोन करून सांगून ठेवायचं. प्रशासनाने आधी निघा म्हटलं तर आधी. हा कागद फ्रीजवर चिकटवा. मग जुलैत रात्री तीनला पावसाचा आवाज आला की मनाला उत्तर तयार असतं, आज संध्याकाळी ३१ होती, ३९ चं काम ३९ ला. पहिल्यांदा मन ऐकणार नाही, पुन्हा पुन्हा विचारेल, तुम्ही तेच एक वाक्य द्यायचं आणि त्यापुढे वाद घालायचा नाही.

हेच शुगरला लावा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांच्याकडनं दोन आकडे लिहूनच घ्या, किती खाली गेली की काय द्यायचं आणि किती वर गेली की फोन करायचा. साधारण ७० च्या खाली गेली तर लगेच साखर किंवा गूळपाणी देतात हे तुम्हाला माहीत असेलच (माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तरच तोंडानं द्यायचं), पण वरचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, तो त्यांचा त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचा. दोन आकड्यांच्या मधे कितीही असली तरी वहीत लिहायची आणि मीटर कपाटात ठेवायचं, परत परत बोट टोचायचं नाही.

मुलाच्या बाबतीत मात्र मी थोडी कडक बोलते. त्याचे मार्क ही तुमची पातळीच नाही. त्याचं जेवण, झोप, क्लासची फी, घरात टीव्हीचा आवाज कमी, एवढं तुमच्याकडे. इशारा पातळी म्हणजे तो जेवत नाही, झोपत नाही, मित्रांशी बोलणं बंद केलं, "माझ्याच्यानं होणार नाही, माझा काय उपयोग" असं बोलायला लागला. तसं दिसलं तर वाट न बघता बोला आणि मदत घ्या. चाचणीत किती पडले यावर घरातलं वातावरण हलू देऊ नका. तुमची काळजी त्याला मार्क देत नाही, ती फक्त त्याला दिसते, आणि मग पोरगं स्वतःच्या अभ्यासाबरोबर आईचं टेन्शनही सांभाळत बसतं. हे मी इथे बसून फार मुलांच्या तोंडून ऐकलंय म्हणून एवढं ठासून सांगते.

आता वर्कशॉप. इथे नुसतं मन शांत करून काही होणार नाही कारण अडचण मनात नाहीये, येणं थकलंय. अशा वेळी कुणी तुम्हाला नुसतं दीर्घ श्वास घ्या म्हणालं तर ते अर्धंच सांगतायत. मिस्टरांनी उद्यम नोंदणी केलीय का ते बघा. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, उशीर झाला तर व्याज लागतं, आणि त्याची तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते. लगेच तक्रार करा असं मी म्हणत नाही, पार्टी तुटायची भीती असते हे उद्यमनगरात कुणाला सांगायला नको, पण कोणतं बिल किती दिवसांचं झालंय याची यादी, आणि ४५ व्या दिवशी कुणाला फोन करायचा, ही झाली इशारा पातळी. दुसरी पातळी हप्त्याची: पाच-सहा दिवस आधी खात्यात पैसे नसतील असं दिसलं तर हप्ता बाऊन्स व्हायच्या आधी बँकेत जाऊन बोलायचं, नंतर नाही. तुम्ही स्वतः पतसंस्थेत आहात, आधी येऊन बोलणारा कर्जदार आणि फोन न उचलणारा कर्जदार यात काय फरक पडतो हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

हा कागद करूनही काळजी येणारच, ती काय एका दिवसात जाणार नाही. तिला वेळ आणि जागा ठरवून द्या. ही पद्धत माझी नाही, थॉमस बोर्कोव्हेक म्हणून अमेरिकेतले संशोधक होते त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली, आजही वापरतात आणि माझ्या अनुभवात घरसंसारातल्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोगी हीच पडते. रोज ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळी साडेसहाला, ठरलेल्या जागी, अर्धा तास काळजी करायची. हो, मुद्दाम करायची. दिवसभरात काळजी आली की वहीत दोन शब्द लिहायचे, "हप्ता", "नीट फॉर्म", आणि मनाला सांगायचं साडेसहाला बघू. मग हातातलं जे काम असेल त्यावर परत यायचं, कॅशचं असेल तर नोटा, स्वयंपाक असेल तर कांदा. साडेसहाला वही उघडून एकेक शब्द घ्यायचा, ज्याचं उद्या काही काम निघतं त्याचं काम लिहायचं, ज्याचं निघत नाही त्याच्यापुढे नुसती रेघ. अर्धा तास झाला की उठायचं, राहिलेलं उद्या.

जागा कुठली? बेड अजिबात नाही, रोज जेवायला बसता ती जागा पण नको. एका बाईंनी गच्चीवरची पाण्याच्या टाकीशेजारची खुर्ची ठरवली, अजून एक जण रंकाळ्यावर येऊन बसायचे, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत, ठरलेला एकच कट्टा. रात्री झोपायच्या आधीची वेळ घेऊ नका, दोन-तीन तासांचं अंतर पाहिजे. आणि पहिले काही दिवस एक गंमतीशीर गोष्ट दिसेल, दुपारी जे डोंगराएवढं वाटत होतं ते साडेसहाला काढून बघितलं तर पाच मिनिटंसुद्धा त्यावर काळजी करता येत नाही. ज्यावर करता येते ती खरी कामाची, तिच्याकडे लक्ष द्या.

बरेच जण विचारतात, अंबाबाईवर सोडलं तर चालेल का. चालेल की, का नाही चालणार. महाद्वारातनं आत जाऊन गाऱ्हाणं मांडून हलकं होऊन येणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलेय आणि त्या हलकं होण्याला मी मनापासून मान देते. फक्त एक बघा, देवीपुढे ठेवून आलेलं परत येताना उचलून आणायचं नाही. आज नवस, उद्या दुसरा नवस, परवा कुणाला तरी पत्रिका दाखव, असं सुरू झालं की ती भक्ती राहत नाही, ती खात्री मागणं होतं. आणि खात्री हीच काळजीची खरी भूक आहे. तिला जेवढी द्याल तेवढी ती वाढते. मुलाला "पोचलास का" म्हणून दोनदा फोन, मिस्टरांना "होईल ना हो नीट" म्हणून रोज रात्री विचारणं, नेटवर लक्षणं शोधणं, हे सगळं त्यातलंच. पाच मिनिटं बरं वाटतं, सहाव्या मिनिटाला नवी शंका. घरच्यांशी आधीच बोलून ठरवा, पोचल्यावर त्याचा एक मेसेज, बास. मेसेज यायला उशीर झाला तर अर्धा तास थांबायचं. तो अर्धा तास जीव वरखाली होईल, होऊ दे, तो बसून काढणं म्हणजेच सोडायला शिकणं आहे, खरा व्यायाम तिथेच होतो.

रात्रीचं. घड्याळ बघू नका, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, अलार्मला साधं घड्याळ आणा. वीस-एक मिनिटं झोप नाही असं वाटलं (अंदाजानेच) तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, कपड्यांच्या घड्या घाला, मसूर निवडा, पेंग आली की परत या. बेडचा आणि काळजीचा संबंध तोडायचाय आपल्याला. झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. अमेरिकेत २०१८ मध्ये बेलर विद्यापीठात ५७ जणांवर अभ्यास झालेला, उद्या काय करायचंय ते लिहिणाऱ्यांना दिवसभरात काय झालं ते लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जेवढी नेमकी तेवढी झोप लवकर. आणि चहा, ताई. पतसंस्थेत पाच वाजता येणारा तो शेवटचा कडक चहा सोडा. कॅफिन शरीरातनं निम्मं व्हायलाच साधारण पाच-सहा तास लागतात.

शरीराचं थोडक्यात सांगते. काळजीत आपलं शरीर सावध अवस्थेत अडकतं, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही तणावाची हार्मोन्स वाढलेली, जबडा आवळलेला, खांदे कानाशी. १९२० च्या दशकात एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी स्नायू मुद्दाम आवळून मग सोडायची पद्धत बसवली, तीच मी शिकवते: मूठ पाच-सात सेकंद घट्ट, मग एकदम ढिली आणि वीस सेकंद नुसतं तो ढिलेपणा जाणवू द्यायचा, मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, पिंढऱ्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. श्वास मोजायचा झाला तर आत घेताना चार आणि सोडताना सहा, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, त्याने हृदयाचा ठोका उतरतो. पण हे रोज दुपारी बरं वाटत असताना करा. घाबरल्यावर पहिल्यांदाच करायला गेलं तर ते जमत नाही आणि मग माणूस म्हणतो याचा काही उपयोग नाही. सकाळी कधी रंकाळ्याला एक चक्कर मारा, झपझप, मोबाईल न घेता, त्याचा उपयोग मी इथे जेवढा लिहीन त्यापेक्षा जास्त आहे.

आता डॉक्टरांकडे कधी जायचं. तुम्ही किती महिने असं चाललंय ते लिहिलं नाहीये. सहा महिन्यांहून जास्त, बहुतेक सगळे दिवस काळजी आवरत नाही, आणि सोबत अस्वस्थपणा, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, अंग आखडणं, झोपमोड यातलं तीन किंवा जास्त असेल तर तो उपचार घ्यायचा आजार आहे, स्वभाव नव्हे. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडनं थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, चाळिशीत बायकांना छातीत धडधड आणि झोपमोड यानेही होते. मग मनोविकारतज्ज्ञ. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. तुम्हाला कुणीतरी गोळी सांगितली म्हणून लिहिलंय, तर शेजारणीची झोपेची गोळी कृपा करून घेऊ नका, तसल्या काही गोळ्यांची सवय लागते आणि एकदम बंद केल्या तर त्रास होतो. डॉक्टर काळजीवर जी मुख्य औषधं देतात ती वेगळी असतात, त्यांची तशी चटक लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नसतात. आणि जर कधी "मी नसलेलीच बरी" असा विचार आला तर माझी ही वही-खुर्ची सगळं बाजूला ठेवायचं, त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगायचं आणि १४४१६ ला फोन लावायचा. सरकारची टेली मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त वही आणि साडेसहाची खुर्ची, आणि येत्या रविवारी मिस्टरांना समोर बसवून पुराचा, शुगरचा आणि बिलांचा असा तीन आकड्यांचा कागद. मुलालाही बसू दे त्यात, गल्लीत पाणी कितीला येतं ते त्यालाच लिहू दे. मोबाईल दुसऱ्या खोलीत हे दुसऱ्या आठवड्यात, स्नायूंचा व्यायाम त्याच्या पुढे. मधे चार दिवस वही राहिली तर पाचव्या दिवशी उघडायची, मागचं भरत बसायचं नाही. तीन-चार आठवड्यांनी झोप किती सुधारली ते बघा, आणि नसेल सुधारली तर वर लिहिलंय तसं डॉक्टरांना भेटा, वही सोबत घेऊन जा, त्यांना त्यातनं तुमचं दुखणं पटकन कळेल.